लहान आकारात काम करण्याची ओढ नेमकी कशाची असते?

सूक्ष्मरेखा

नमस्कार मंडळी. मी बऱ्याच वर्षांपासून हौसेने जलरंगात चित्रे काढते. सुरुवातीला पूर्ण आकाराच्या कागदाशिवाय हात चालत नसे, पण कागद हळूहळू लहान होत गेला आणि आता दोन इंच रुंद व तीन इंच उंच एवढ्यावर येऊन स्थिरावला आहे. विषय मात्र पूर्वीचेच आहेत: घाटमाथ्यावरचे ढग, आषाढातली भातखाचरे, कडे आणि त्यांवरचे बुरूज. एका सामूहिक प्रदर्शनात ही चित्रे मांडली, तेव्हा एका ज्येष्ठ चित्रकारांनी अत्यंत आपुलकीने विचारले, "घरात जागा कमी पडते का?" मला तेव्हा उत्तर सुचले नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर अजूनही नीटसे सुचलेले नाही. जागेची अडचण नाही, वेळही वाचत नाही (उलट जास्त लागतो), आणि डोळ्यांवर ताण येतो तो वेगळाच.

म्हणून दोन प्रश्न विचारते. अतिशय लहान आकारात काम करणाऱ्याला त्यात नेमके काय मिळते? आणि अशी चित्रे प्रदर्शनात मांडावीत तरी कशी, कारण मोठ्या कॅनव्हासांच्या रांगेत लोक त्यांना दिव्याचे बटण समजून पुढे जातात?

खडूस

पुण्यातल्या सदनिकांचे भाव पाहता येत्या काही वर्षांत समग्र मराठी चित्रकला टपाल तिकिटावर आणावी लागणारच आहे. आपण काळाच्या पुढे आहात, एवढेच त्या ज्येष्ठांना सांगावे.

गोदाकाठ

खडूस यांनी विनोदाने म्हटले असले तरी टपाल तिकीट हा या धाग्याचाच विषय आहे. नाशिकच्या मुद्रणालयात 1926 पासून भारताची तिकिटे छापली जातात, त्यामुळे आमच्या गावात तिकिटांविषयी बोलणारी माणसे कोणत्याही चहाच्या टपरीवर भेटतात. तिकिटासाठी चित्र करण्याच्या दोन अगदी निराळ्या रीती आहेत. एका रीतीत चित्रकार मोठे चित्र काढतो आणि ते छायाचित्रणाच्या साहाय्याने लहान केले जाते. 1952 मधली कबीर, मीरा, गालिब आदी संत-कवींची मालिका फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने अशीच छापली गेली. दुसऱ्या रीतीत कोरक्या भिंगाखाली पोलादी ठोकळ्यावर तिकिटाच्या प्रत्यक्ष आकारात, आणि तेही उलटे, चित्र कोरतो. त्याच्याकडे छटा नसतातच. गालावरची सावली हवी असेल तर रेषा जवळ आणायच्या, उजेड हवा असेल तर त्या विरळ करायच्या, आणि चुकलेली रेषा सहजासहजी मागे घेता येत नाही. मूळचे पोलंडचे आणि पुढे स्वीडनमध्ये स्थायिक झालेले चेस्लाव स्लानिया यांनी या रीतीने हजाराहून अधिक तिकिटे कोरली.

माझे म्हणणे एवढेच की मोठे चित्र लहान करणे ही एक गोष्ट आहे आणि चित्र लहानातच घडवणे ही दुसरी. सूक्ष्मरेखा यांनी घाटमाथा मोठ्या कागदावर काढून त्याचे छायाचित्र दोन इंचांत छापले असते तर ते चित्र त्यांच्या आताच्या चित्रासारखे दिसले असते का?

सूक्ष्मरेखा

गोदाकाठ, मुळीच नाही. मोठ्या कागदावर मी झाडे काढत असे. दोन इंचांत झाड काढता येत नाही. ओल्या रंगात मिठाचा कण टाकून किंवा कोरड्या ब्रशाचा एक फटकारा मारून तिथे रान आहे असे भासवावे लागते.

अनवट

मी थोडा विरोधी सूर लावतो. लहान आकाराचे कौतुक करताना आपण दोन गोष्टींची गल्लत करतो: कौशल्याची आणि कलेची. तांदळाच्या दाण्यावर नाव लिहून देणारे जत्रेत बसलेले असतात, पेन्सिलीच्या शिशावर गणपती कोरणाऱ्यांची छायाचित्रे दर भाद्रपदात फिरतात. पाहणारा "अरे वा, एवढ्याशा जागेत!" असे म्हणतो आणि पुढे जातो. त्या गणपतीचा भाव कसा आहे, सोंडेला वळण कसे आहे, हे कोणी विचारत नाही, कारण तिथे आकार हाच आशय झालेला असतो. विक्रम आणि चित्र यांत फरक आहे, आणि बहुतांश सूक्ष्मकला ही विक्रमांच्या वहीत शोभणारी असते असे माझे मत आहे. सूक्ष्मरेखा यांच्या चित्रांविषयी हे नाही, ती मी पाहिलेली नाहीत.

लीलावती

अनवट, आपला मुद्दा अर्धा मान्य आहे. तांदळाच्या दाण्याचे उदाहरण मात्र आपल्यावरच उलटू शकते. हुमायूनने इराणहून आणलेल्या चित्रकारांपैकी ख्वाजा अब्दुस्समद याने तांदळाच्या एका दाण्यावर चौगानचा, म्हणजे घोड्यावरून खेळायच्या पोलोचा, खेळ चितारल्याचा उल्लेख त्या काळच्या लिखाणात येतो. म्हणजे आपल्या भाषेत तो जत्रेतला विक्रमवीर ठरला. पण हाच अब्दुस्समद पुढे अकबराच्या चित्रशाळेत हम्झानाम्याच्या, म्हणजे अमीर हम्झाच्या साहसकथांच्या सचित्र ग्रंथाच्या, प्रचंड प्रकल्पाचा प्रमुख झाला. त्यातली पाने कापडावर रंगवलेली आणि दोन फुटांहून उंच आहेत, एकूण चित्रे सुमारे चौदाशे होती, आणि त्यांत राक्षस, समुद्र, युद्धे, कोसळणारे किल्ले असा सगळा धुमाकूळ आहे. दाण्यावरचा हात आणि त्या पानांवर देखरेख करणारी नजर एकाच माणसाची होती. त्यामुळे लहान काम करणारा केवळ लहानाचाच असतो असे मला वाटत नाही.

शिवाय मुघल किंवा पहाडी लघुचित्रांकडे नीट पाहिले तर बारकावा हा तिथे मिरवण्याचा विषय नाही. पहाडी चित्रांचे एक केंद्र असलेल्या बसोलीच्या चित्रकारांनी दागिन्यांतल्या पाचूंसाठी भुंग्याच्या हिरव्या चमकदार पंखांचे तुकडे चिकटवले. ते चित्र हातात घेऊन किंचित कलते केले की तो पाचू लकाकतो. हे भिंतीवरच्या चित्राला जमणार नाही, कारण भिंतीवरचे चित्र कोणी कलते करून पाहत नाही. ही चित्रे बासनात बांधून ठेवलेली असत, मैफलीत बाहेर काढली जात आणि हातोहाती फिरत. एका वेळी एकच जण ते चित्र नीट पाहू शकतो, आणि ही त्या आकाराची उणीव नसून योजना आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांचे दालन आहे. तिथे काचेला नाक लावून उभे राहावे लागते आणि मागचा माणूस खाकरतो, तेव्हा या आकाराची खरी अडचण कळते.

वैद्यकी

सूक्ष्मरेखा यांनी डोळ्यांवरच्या ताणाचा उल्लेख केला आहे, म्हणून व्यवसायाच्या अनुषंगाने थोडे लिहितो. निरोगी माणसाचा हातही स्थिर नसतो. तो सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा अतिशय सूक्ष्म थरथरतो. एरवी ते जाणवत नाही, पण भिंगाखाली ब्रशाचे टोक जेवढे मोठे दिसते तेवढीच ही थरथरही मोठी दिसते. चहा-कॉफी, जागरण आणि उपाशीपोटी काम यांनी ती वाढते. मनगट टेकवून आणि करंगळी कागदावर रोवून काम केल्यास पुष्कळ फरक पडतो. मुघल चित्रांत चित्रकार स्वतः दिसतात तेव्हा ते जमिनीवर बसून, एक गुडघा उभा करून त्यावर पाटी टेकवून काम करताना दिसतात, आणि तो पवित्रा पाहिला की त्यांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला होता हे लक्षात येते.

इंग्लंडमधले विलर्ड विगन सुईच्या नेढ्यात मावतील अशी शिल्पे करतात. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात आपण हत्यार चालवतो असे ते सांगतात. त्यांची 'ॲलिस इन वंडरलँड'मधल्या ॲलिसची एक मूर्ती काम करता करता श्वासाबरोबर नाकात गेली होती, हेही त्यांनीच जाहीर केलेले आहे. या क्षेत्रात टीकाकाराने कलाकृती गिळण्याआधी कलाकारच ती गिळू शकतो.

आणि चाळिशी उलटल्यावर ज्यांना जवळचे दिसत नाही त्यांनी स्वस्त भिंगे वापरण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.

अनवट

विगन यांचेच उदाहरण माझ्या बाजूचे आहे. सुईचे नेढे काढून घेतले तर त्या शिल्पात काय उरते?

लीलावती

त्यांनी पाच वर्षांचे असताना मुंग्यांसाठी घरे बांधायला सुरुवात केली, वाचनदोषामुळे शाळेत त्यांची सतत अवहेलना होत होती, आणि कोणालाही दिसणार नाही एवढे काही करावे ही इच्छा तिथून आली असे त्यांनी सांगितले आहे. ते शिल्प चांगले की वाईट हा प्रश्न वेगळा राहू द्या, पण धाग्याचा पहिला प्रश्न करणाऱ्याला काय मिळते हा आहे, पाहणाऱ्याला काय मिळते हा नव्हे.

तेरेखोलकाठी

लहान काम म्हणजे अपार चिकाटी, एका पानाला महिने, हे सगळे गृहीत धरले जात आहे, म्हणून सावंतवाडीकडचा अनुभव मांडतो. आमच्याकडची दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे एकशेवीस गोल पत्ते, तळहातात मावणारे. मत्स्याच्या पत्त्यावर मासे, कूर्माच्या पत्त्यावर कासवे, दश्शीवर दहा. ही कला मागे पडत चालली होती, तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. तिथे काम चालू असताना पाहिले तर लक्षात येते की कारागीर मासा "रेखाटत" नाही, तो टाकतो. एक वळण, एक शेपटी, डोळ्याचा ठिपका, आणि लगेच पुढचा मासा. हात थांबला की मासा मेला. पंख्यासारखे धरलेल्या हातातल्या पत्त्यांतून खेळणाऱ्याला क्षणात ओळख पटली पाहिजे, म्हणून तपशील जितका कमी तितका पत्ता चांगला.

मला त्या आकाराचे आकर्षण वाटते ते याच कारणाने. मनगटाच्या एका हालचालीत पूर्ण आकृती मावते, खांदा हलवावा लागत नाही, पाठ हलवावी लागत नाही. मोठ्या भिंतीवर तो मासा काढायचा झाला तर तो भरावा लागेल, आणि भरताना त्याचा जीव जातो.

सूक्ष्मरेखा

तेरेखोलकाठी, आपण लिहिलेले वाचून मी एकदम थांबले. मनगटात मावणारी आकृती! मोठ्या कागदावर ढगाची कड काढताना मला दोनदा पाय हलवावे लागत आणि तेवढ्यात रंग वाळे. आता ढगाची संपूर्ण कड एका श्वासात होते.

कोल्हापुरी_साज

आमच्या घरी सोनारकामाची परंपरा आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या देव्हाऱ्यात सूक्ष्मकला आहे हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही याचे आश्चर्य वाटते. देवाचे टाक! चांदीच्या पत्र्यावर उठाव काढून, मागे तांब्याचा पत्रा देऊन केलेले दीड-दोन इंचांचे हे टाक म्हणजे एकेका कुळाचे दैवत. खंडोबाच्या टाकात घोडा, त्यावर देव, शेजारी म्हाळसा, हातात तलवार, पायाशी कुत्रा, एवढे सगळे असते. ठशावर पत्रा ठोकताना तलवारीची धार आणि घोड्याचा लगाम यांत फरक दिसला नाही तर तो टाक फसला असे माझे आजोबा म्हणत.

त्याचा आकार लहान का, याचे उत्तर कलेत नाही, व्यवहारात आहे. घर हलले की देव हलतात, भावांत वाटण्या झाल्या की प्रत्येकाला आपले देव करून घ्यावे लागतात, आणि रोजच्या आंघोळीला ते ताम्हनात बसले पाहिजेत. पिढ्यान्‌पिढ्या अभिषेक आणि पुसणे सोसून देवाचे नाक सपाट होते, म्हणून जुने टाक झिजले की नवे करायला येतात. येणारा गिऱ्हाईक हमखास म्हणतो, "चेहरा जुन्यासारखाच ठेवा." आता ज्या टाकाला चेहराच उरलेला नाही त्याच्यासारखा चेहरा कसा ठेवायचा? पण त्या कुटुंबाला तो चेहरा दिसत असतो. अनवट यांना विचारावेसे वाटते की हा विक्रम आहे की कला?

अनवट

कोल्हापुरी_साज, या प्रश्नाने मी निरुत्तर झालो नाही, पण माझी व्याख्या थोडी बदलतो. टाक लहान आहे म्हणून आपण त्याकडे पाहत नाही. त्याला लहान असण्याचे कारण आहे म्हणून पाहतो. जपानमधल्या नेत्सुकेचेही तसेच: किमोनोला खिसे नसत, म्हणून दोरीने लटकवलेली पिशवी किंवा डबी कंबरपट्ट्यात अडकून राहावी यासाठी मुठीत मावेल एवढे कोरीव काम करावे लागे, आणि ते टोकदार असून चालत नसे कारण ते कपड्यात अडकले असते. म्हणून त्यातला उंदीर शेपटी अंगाभोवती गुंडाळून बसतो. कारणातून आलेला लहानपणा मला मान्य आहे. केवळ थक्क करण्यासाठी आणलेला लहानपणा अजूनही मान्य नाही.

खडूस

दिवाळीतल्या किल्ल्याविषयी अजून कोणीही बोललेले नाही याचा निषेध नोंदवतो. आमच्या अंगणातल्या रायगडावर मावळा बुरुजाच्या दीडपट उंच असे, तोफ मावळ्याच्या बुटाएवढी असे, हळिवाचे रान उगवून सगळ्यांच्या डोक्यावर जाई, आणि दरवाजात एक प्लास्टिकचा वाघ उभा असे, जो अष्टप्रधान मंडळ एका घासात संपवू शकला असता. प्रमाणबद्धतेविना आमचे काही अडले नाही.

शिकागोची_सई

खडूस यांचा वाघ वाचून हसू आवरले नाही, पण प्रमाणाचा मुद्दा गंभीर आहे. इथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये थॉर्न रूम्स नावाच्या अडुसष्ट छोट्या खोल्या आहेत, श्रीमती थॉर्न यांनी 1932 ते 1940 या काळात कारागिरांकडून करवून घेतलेल्या. एका फुटाला एक इंच असे प्रमाण काटेकोर पाळले आहे. मी स्वतः याच प्रमाणात कोकणातल्या घराची माजघरे आणि पडव्या करते, त्यामुळे तिथे मी पाहण्यापेक्षा चोरी करण्यासाठीच जास्त जाते.

या कामात सर्वांत आधी कळते ते हे की सगळ्याच गोष्टी प्रमाणात लहान होत नाहीत. लाकूड बाराव्या भागाएवढे कापता येते, पण त्याची रेषा तेवढीच राहते, म्हणून सागवानाचा छोटा पाट सागवानाचा दिसत नाही आणि बारीक रेषेचे दुसरे लाकूड रंगवून घ्यावे लागते. नऊवारीचा छोटा तुकडा दोरीवर वाळत घातला तर तो लोंबत नाही, पुठ्ठ्यासारखा उभा राहतो, कारण धागा जाड तो जाडच आहे आणि कापडाला खाली ओढायला पुरेसे वजन नाही. त्यासाठी झिरझिरीत रेशीम पाणी आणि डिंक लावून चुण्या घालून वाळवावे लागते. पाण्याचे तर विचारूच नका: थेंब लहान होत नाही, छोट्या घागरीच्या तोंडाशी तो भोपळ्यासारखा बसतो. म्हणजे खरी वस्तू लहान केली की ती खोटी दिसते आणि खरी दिसावी म्हणून तिला खोट्या वस्तूपासून बनवावे लागते. माझी ओढ या कोड्याची आहे.

जाता जाता, नवी दिल्लीची आखणी करणाऱ्या एडविन लुट्येन्स यांनी त्याच काळात क्वीन मेरीसाठी याच प्रमाणातले बाहुलीघर केले, 1924 साली पूर्ण झालेले, वाहत्या पाण्यासह. ते आता विंडसरला आहे. लीलावती यांच्या अब्दुस्समदाला जोडीदार मिळाला.

लीलावती

शिकागोची_सई, बाल्टिमोरमधल्या फ्रान्सिस ग्लेसनर ली यांच्या पेट्यांचाही इथे उल्लेख व्हायला हवा. 1940 च्या दशकात त्यांनी पोलिसांना तपास शिकवण्यासाठी संशयास्पद मृत्यूंची दृश्ये त्याच बारास एक प्रमाणात बनवली, आणि बाहुल्यांचे पायमोजे टाचणीएवढ्या सुयांवर स्वतः विणले. तिथे बारकावा चुकला तर पुरावा चुकला असता. थॉर्न यांच्या खोल्यांत मात्र माणसेच नाहीत असे वाचले आहे, ते खरे का?

शिकागोची_सई

खरे आहे. चष्मा टेबलावर आहे, विणकाम अर्धवट पडले आहे, पण माणूस नाही. बाहुली ठेवली की ते बाहुलीचे घर होते. ती नसली की पाहणारा स्वतः आत जातो. माझ्या माजघरातही मी आजी बसवलेली नाही, फक्त तिचा अडकित्ता ठेवला आहे.

गोदाकाठ

एक गोष्ट राहिली. मोहेंजोदडोची नर्तिका दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रथम पाहणारे बहुतेक लोक चकित होतात, कारण ती केवळ साडेदहा सेंटिमीटर उंच आहे. पाठ्यपुस्तकातल्या छायाचित्राने तिला आपल्या मनात माणसाएवढी केलेली असते, आणि तिच्या उभे राहण्यातली ऐटही तशीच आहे. म्हणजे तिच्या बाबतीत छायाचित्राने आकार पुसला तरी मूर्ती टिकली. अनवट यांनी विचारलेल्या "नेढे काढून घेतले तर काय उरते" या प्रश्नाला ही चांगली कसोटी आहे. सूक्ष्मरेखा, आपल्या एका चित्राचे छायाचित्र शेजारी नाणे न ठेवता इथे टाकाल का?

सूक्ष्मरेखा

टाकले आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे.

अनवट

पाहिले. आकार न सांगता दाखवले असते तर मी ते अर्ध्या भिंतीचे समजलो असतो. उजवीकडची खालची दरी मात्र फार सांगितली गेली आहे. तिथे अजून दोन रेषा कमी चालल्या असत्या.

तेरेखोलकाठी

अनवट यांच्याशी सहमत, दरीत हात थांबलेला दिसतो.

लीलावती

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे, कारण त्याला कोणीच हात घातलेला नाही. लहान चित्रे मोठ्या चित्रांच्या रांगेत, त्याच उंचीवर आणि त्याच दिव्याखाली लावूच नयेत. भिंतीऐवजी तिरकी फळी किंवा टेबल घ्यावे, म्हणजे माणूस लिहायला वाकतो तसा वाकेल. दोन चित्रांत एका माणसाला कोपर टेकवता येईल एवढे अंतर असावे. आणि शक्य असेल तर एक-दोन चित्रे चौकटीविना, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, प्रत्यक्ष हातात द्यावीत. वाईट होतील ही भीती असल्यास त्या दोन चित्रांना विक्रीतून वगळावे.

कोल्हापुरी_साज

फळीवर एखादे भिंग साखळीने बांधून ठेवा. साखळीशिवाय ठेवू नका, हे दुकानदार म्हणून सांगतो.

अनवट

भिंगाला माझा विरोध आहे. भिंग दिसले की लोक बारकावे मोजायला लागतात आणि आपण पुन्हा जत्रेतल्या तांदळावर येतो. नुसत्या डोळ्यांना जे दिसत नाही ते काढलेलेच नसावे.

सूक्ष्मरेखा

सर्वांचे आभार. भिंग ठेवणार नाही, कारण मी स्वतः भिंगाविना काम करते आणि वैद्यकी यांच्या सल्ल्यानुसार चष्म्याचा क्रमांक तपासून घेणार आहे. पुढच्या प्रदर्शनाच्या आयोजकांना तिरक्या फळीबद्दल विचारले आहे. त्या ज्येष्ठांनी पुन्हा विचारले तर मनगटाचे उत्तर देईन. ते खरेही आहे आणि एका वाक्यात मावणारेही. दरीतल्या दोन रेषा आता निघणार नाहीत, तेव्हा तो कडा नव्याने काढायला घेतला आहे.

नवखा_ब्रश

उशिरा आलो, क्षमस्व. सुरुवात करायची आहे. ब्रशाच्या क्रमांकात जितकी शून्ये जास्त तितका तो बारीक, तेव्हा पाच शून्यांचा ब्रश घ्यावा का?

सूक्ष्मरेखा

नको. त्यात रंगच राहत नाही, कागदापर्यंत पोहोचेपर्यंत टोक वाळून जाते. एक किंवा दोन क्रमांकाचा, पोट भरलेला पण टोक नीट जुळणारा गोल ब्रश घ्या. दुकानात तो पाण्यात बुडवून झटकून पाहा. टोक आपोआप जुळले तरच पैसे द्या. मुंगसाच्या केसांचा म्हणून कोणी दाखवला तर घेऊ नका, त्याची विक्री आपल्याकडे बेकायदेशीर आहे.

खडूस

आणि मावळा मात्र बुरुजाहून उंचच ठेवा.